विशेष गरजा असलेल्या मुलांची झोप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाच्या फाइलमध्ये ऑटिझम, एडीएचडी, डाऊन सिंड्रोम किंवा सेरेब्रल पाल्सी असं निदान लिहिलेलं असतं. झोपेबद्दल त्यात सहसा एक ओळही नसते. घरच्यांना मात्र दिवसापेक्षा रात्र जड जाते. पालक पुन्हा पुन्हा विचारतात त्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. औषधांच्या मात्रा केवळ माहितीसाठी आहेत. औषध सुरू करणं, बदलणं किंवा थांबवणं हे मुलाच्या डॉक्टरांशी बोलूनच करावं.

ऑटिझम असलेली मुलं अशीच झोपतात, असं आम्हाला सांगण्यात आलं. हे खरं आहे का?

अर्धंच. ऑटिझम असलेल्या साधारण ५० ते ८० टक्के मुलांना झोपेचा त्रास असतो. इतर मुलांत हे प्रमाण २० ते ३० टक्क्यांच्या आसपास असतं. त्रास सर्रास आढळतो, पण म्हणून तो सोसत राहायचं कारण नाही. ‘ऑटिझममुळेच’ असं एकदा म्हटलं की पुढचा शोध थांबतो. मग किडलेला दात, वाढलेले टॉन्सिल, शरीरातलं कमी लोह किंवा चुकीच्या वेळी दिलं जाणारं औषध तसंच राहून जातं, आणि या चारही गोष्टींवर उपाय आहेत.

झोप सुधारल्याने ऑटिझम जात नाही. पण चिडचिड, स्वतःला मारून घेणं, एका जागी न बसणं यातला काही भाग अपुऱ्या झोपेचा असतो, आणि तेवढा भार नक्की हलका होतो.

किती तास झोप पुरेशी मानावी?

अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली दिलेले आकडे बहुतेक डॉक्टर वापरतात. दिवसातल्या डुलक्या धरून १ ते २ वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास, ३ ते ५ वर्षांना १० ते १३, ६ ते १२ वर्षांना ९ ते १२ आणि १३ ते १८ वर्षांना ८ ते १० तास.

इथे एक चूक वारंवार होते. मुलाची गरज साडेनऊ तासांची असते आणि त्याला संध्याकाळी साडेसातलाच अंथरुणात घातलं जातं. ते पहाटे पाचला टक्क जागं होतं, किंवा झोप लागेपर्यंत दोन तास गोंधळ घालतं. ही झोपेची तक्रार नव्हे, हिशेबाची आहे. आधी मूल प्रत्यक्षात किती झोपतं ते मोजा आणि त्यावरून झोपायची वेळ ठरवा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: अपुरी झोप झालेलं लहान मूल मोठ्यांसारखं पेंगत नाही, उलट जास्त धावतं आणि जास्त ओरडतं.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी काय नोंदवून ठेवावं?

१४ दिवसांची झोपेची नोंदवही ठेवा. सकाळी उठल्यावर पाच मिनिटांत भरा, कारण दोन दिवसांनी आठवून लिहिलेले आकडे चुकतात. त्यात पुढच्या गोष्टी हव्यात:

- अंथरुणात किती वाजता घेतलं आणि झोप खरोखर किती वाजता लागली
- झोप लागताना खोलीत काय होतं: जवळ कोण होतं, दिवा, आवाज, बाटली, मोबाइल
- रात्री कधी आणि किती वेळ जागं होतं, पुन्हा कशाने झोपलं
- सकाळी कधी उठलं, आपणहून की उठवावं लागलं
- दिवसातल्या सगळ्या डुलक्या, शाळेतून येताना गाडीत लागलेली दहा मिनिटांची झोपसुद्धा
- प्रत्येक औषधाची घड्याळातली वेळ
- पोट साफ झालं की नाही, उलटी, फिट, ताप

गाडीतली डुलकी सर्वांत जास्त विसरली जाते. संध्याकाळी साडेपाचला दहा मिनिटं डोळा लागला तरी काही मुलांची रात्रीची झोप तासभर पुढे ढकलली जाते.

घोरणं, झटके किंवा विचित्र हालचाल दिसली तर दोन-तीन मिनिटांचं चित्रीकरण करा. पांघरूण बाजूला करून चेहरा आणि छाती दोन्ही दिसू द्या, आवाज चालू ठेवा. तोंडी वर्णन ऐकून तासभर जे उमगत नाही ते अशा चित्रीकरणातून अनेकदा लगेच उमगतं.

मूल बोलत नाही. त्याला काही दुखतंय का, हे कसं ओळखायचं?

पहिला नियम: बरी चाललेली झोप काही दिवसांत अचानक बिघडली, तर दुसरं कारण सापडेपर्यंत दुखणं किंवा आजार आहे असंच धरून चला.

आडवं केल्यावर रडणं, पाठ मागे ताणणं, सारखं गिळणं, रात्री खोकला येणं ही आम्लपित्त वर येण्याची लक्षणं असू शकतात. गाल किंवा कान बडवणं, एकाच बाजूने चावणं, आवडीचा कडक पदार्थ अचानक नाकारणं याचा अर्थ दात किंवा कान तपासा. पोट घट्ट, शौच दोन-तीन दिवसांआड आणि कपड्याला थोडं थोडं लागणं म्हणजे बद्धकोष्ठता. रोज थोडं लागतं म्हणून पोट साफ आहे असं पालकांना वाटतं, म्हणून ती लक्षात येत नाही. सेरेब्रल पाल्सी असेल तर स्नायूंचा ताठरपणा, खुब्याचं दुखणं, रात्री घातलेल्या स्प्लिंटचा (हातपाय ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा आधार) दाब आणि स्वतः कूस बदलता न येणं या चार गोष्टी पाहा. रात्री नळीवाटे अन्न दिलं जात असेल तर त्याचा वेग आणि वेळ यांचीही चौकशी करा.

घोरण्याकडे किती लक्ष द्यावं?

आठवड्यातल्या तीन किंवा अधिक रात्री घोरत असेल तर पूर्ण लक्ष द्यावं. मुलांचं घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. सोबत श्वास अडकून दचकणं, तोंडाने श्वास घेणं, मान मागे टाकून किंवा बसून झोपणं, डोक्याला घाम, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं यातलं काही असेल तर झोपेत श्वास अडकण्याच्या विकाराची तपासणी हवी. अशा मुलाला गुंगीचं औषध दिलं तर घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि श्वास जास्त अडकतो. म्हणून हा प्रश्न औषधाच्या आधी सुटायला हवा.

डाऊन सिंड्रोममध्ये चेहऱ्याच्या मधल्या भागाची ठेवण लहान, जीभ त्या मानाने मोठी आणि स्नायू सैल असतात, त्यामुळे निम्म्याहून अधिक मुलांत हा विकार आढळतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सच्या सल्ल्यानुसार लक्षणं नसली तरी चार वर्षांच्या आत प्रत्येक मुलाची स्लीप स्टडी (अंगाला वायर लावून रात्रभराची झोप आणि श्वास नोंदवणारी तपासणी) व्हावी, कारण पालकांच्या निरीक्षणातून हा विकार पुष्कळदा निसटतो. टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) काढल्यावर बऱ्याच मुलांना आराम पडतो. डाऊन सिंड्रोममध्ये मात्र काही त्रास उरतो, म्हणून शस्त्रक्रियेनंतर पुन्हा तपासणी करून घ्या.

झोपताना पाय घासतं, आपटतं, पाय दाबून मागतं. ही सवय असेल का?

असू शकते, पण आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) तपासा. शरीरातला लोहाचा साठा कमी असेल तर पायांत अस्वस्थ संवेदना होतात आणि झोपेत पाय ठरावीक अंतराने झटकतात. मोजकेच पदार्थ खाणाऱ्या ऑटिझम असलेल्या मुलांत आणि एडीएचडी असलेल्या मुलांत हे बरंच आढळतं. हिमोग्लोबिन ठीक असतानाही फेरिटिन कमी असू शकतं, त्यामुळे ‘रक्त चांगलं आहे’ या शब्दांवर थांबू नका.

या त्रासात फेरिटिन ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर लोह देण्याचा विचार होतो. लॅबच्या कागदावरची ‘नॉर्मल’ मर्यादा याहून बरीच खाली असते, म्हणून कागदावर नॉर्मल लिहिलेलं असूनही उपचाराची गरज असू शकते. सर्वसाधारण मात्रा वजनाच्या दर किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम मूळ लोह (गोळीचं एकूण वजन नव्हे, तिच्यातल्या लोहाचं). तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा बरं झाल्यावरच रक्त द्या. लोहाचं औषध दुधासोबत दिलं की नीट शोषलं जात नाही, क जीवनसत्त्व असलेल्या फळाच्या रसासोबत चांगलं शोषलं जातं. शौच काळी होते, त्याची काळजी नको. बद्धकोष्ठता झाली तर मात्र लगेच सांगा, नाहीतर पायांचा त्रास कमी होईल आणि पोटाचा सुरू होईल. तपासणीशिवाय लोह देऊ नका आणि बाटली कुलपात ठेवा. जास्त लोह लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

नऊला अंथरुणात घेतो, झोपायला साडेअकरा वाजतात. काय करावं?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे. उत्तर आधी उलटं वाटतं: झोपायची वेळ उशिरा करा.

मूल रोज अडीच तास अंथरुणात जागं राहतं, तेव्हा अंथरूण म्हणजे झगडण्याची जागा असं त्याच्या मनात बसतं. ते आधी मोडायला हवं. नोंदवहीत झोप लागण्याची सरासरी वेळ साडेअकरा असेल तर काही दिवस साडेअकरा ते बारा हीच झोपायची वेळ ठेवा. त्याआधीचा वेळ मंद उजेडात, शांत खेळात, पण अंथरुणाबाहेर जाऊ द्या. सकाळी उठवण्याची वेळ ठरलेली, सुट्टीच्या दिवशीही तीच. सलग दोन-तीन रात्री वीस मिनिटांच्या आत झोप लागली की वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा. अडलं तर पंधरा मिनिटं मागे या. साडेअकरावरून साडेनऊपर्यंत यायला आठ टप्पे लागतात, प्रत्येकी तीन रात्री धरल्या तर साधारण साडेतीन आठवडे.

ही पद्धत फसते ती बहुधा तीन ठिकाणी. पहिल्याच यशानंतर उत्साहात वेळ तासभर अलीकडे आणली जाते. रात्री उशिरा झोपलं म्हणून दया येऊन सकाळी झोपू दिलं जातं. दुपारी मोठी झोप होते. फिट येणाऱ्या मुलांत मात्र झोप कमी पडली की फिट वाढू शकतात. त्यांच्यासाठी ही पद्धत डॉक्टरांना विचारूनच वापरा.

उजेडही महत्त्वाचा आहे. मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीत मेलाटोनिन (रात्र झाली हे शरीराला सांगणारं संप्रेरक) अंधार पडल्यावर तयार होऊ लागतं आणि प्रखर उजेडात थांबतं. उठल्यावर अर्धा तास उघड्यावर, झोपेच्या आधी तासभर मंद पिवळसर दिवे आणि मोबाइल-टीव्हीचा पडदा बंद. पण मोबाइल हाच मुलाला शांत करणारा एकमेव मार्ग असेल तर तो एका रात्रीत काढून घेऊ नका. आधी दुसरं काहीतरी रुळवा (तेच गाणं फक्त ऐकवणं, हातात धरायची ठरलेली वस्तू), मग पडदा रोज पाच मिनिटांनी कमी करा.

जवळ आडवं झाल्याशिवाय झोपत नाही आणि रात्री तीन-चारदा उठतं. दोन्हींचा संबंध आहे का?

थेट आहे. सगळीच माणसं रात्री अनेकदा क्षणभर जागी होतात. झोप लागताना जे होतं तेच भोवती असेल तर पुन्हा झोपतात. आई शेजारी असताना डोळे मिटले आणि दोनला जाग आली तेव्हा आई नाही. मुलाला काहीतरी हरवल्यासारखं वाटतं आणि ते पूर्ण जागं होतं. म्हणून रात्रीच्या जागरणाचा उपाय संध्याकाळच्या झोपेत असतो.

खुर्चीची पद्धत या मुलांना बहुतेक वेळा झेपते. पहिल्या तीन-चार रात्री अंथरुणाशेजारी खुर्चीवर बसा, पाठीवर हात चालेल. मग हात काढा. मग खुर्ची खोलीच्या मध्यावर, मग दाराशी, मग दाराबाहेर. प्रत्येक टप्प्याला तीन ते पाच रात्री. बोलणं, डोळ्यांत पाहणं, समजूत घालणं कमीत कमी. रात्री उठलं तरी खुर्ची त्या दिवशी जिथे असेल तिथेच.

सुरुवातीच्या काही रात्री रडणं वाढतं. त्याच वेळी माघार घेतली तर जास्त रडलं की काम होतं, हे मूल शिकतं. म्हणून तापाचा, पाहुण्यांचा, परीक्षेचा आठवडा टाळून सुरुवात करा. एकट्याला रडत ठेवण्याची पद्धत डोकं आपटणाऱ्या, रडून उलटी करणाऱ्या किंवा फिट येणाऱ्या मुलांसाठी आम्ही सुचवत नाही.

तोंडी सूचना समजत नाहीत. दिनक्रम कसा शिकवायचा?

चित्रांची पट्टी बनवा. चार ते सहा चित्रं, एकूण वीस ते तीस मिनिटं. एक काम झालं की मूल चित्र काढून ‘झालं’ लिहिलेल्या डब्यात टाकेल. पट्टीत शेवटचं चित्र अंथरुणाचंच. ज्या कामावरून भांडण होतं (दात घासणं, नखं, औषध) ते सुरुवातीला घ्या. शेवटी घेतलं तर मूल चिडलेलं असतानाच अंथरुणात जातं. अंघोळीने काही मुलं शांत होतात, काही पेटतात. पेटत असेल तर अंघोळ जेवणाआधी. चित्र ओळखता येत नसेल तर खरी वस्तू द्या: ब्रश, उशीची खोळ.

मेलाटोनिन द्यावं का?

कारणं शोधून आणि सवयींवर नीट काम करूनही झोप लागायला वेळ लागत असेल तर विचारात घेण्यासारखं औषध आहे. त्याचा मुख्य उपयोग झोप लवकर लागण्यासाठी होतो. झोप लांबवण्यात ते तितकं बलवान नाही. ब्रिटनमध्ये अशाच मुलांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत झोप लागण्याची वेळ साधारण ४० मिनिटांनी अलीकडे आली, पण एकूण झोप फक्त २० मिनिटांच्या आसपास वाढली, कारण मुलं सकाळी लवकर उठू लागली. अपेक्षा या मापाची ठेवा.

ऑटिझम असलेल्या मुलांत साधारणपणे १ ते ३ मिलिग्रॅमपासून सुरुवात, झोपेच्या ३० ते ६० मिनिटं आधी. गरजेप्रमाणे हळूहळू वाढ, कमाल १० मिलिग्रॅम. रात्री मध्येच जाग येत असेल तर सावकाश सुटणारी गोळी निवडतात. ती चावली किंवा कुटली की सगळं औषध एकदम सुटतं आणि तिचा हेतूच संपतो.

काही मुलांत दोन-चार आठवडे छान परिणाम दिसतो आणि मग नाहीसा होतो. अशा वेळी मात्रा वाढवण्याचा मोह होतो, पण यातल्या काही मुलांचं यकृत मेलाटोनिन हळू निकामी करतं. ते दिवसभर रक्तात राहतं आणि शरीराला रात्र कळेनाशी होते. काही दिवस औषध थांबवून कमी मात्रेने पुन्हा सुरू केल्यास फायदा होऊ शकतो. फ्लुवॉक्सामिन (नैराश्य, मंत्रचळ यांवरचं औषध) चालू असेल तर मेलाटोनिनची पातळी बरीच वाढते, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांबाबत सावध राहा. कॅनडात २०१७ साली झालेल्या तपासणीत प्रत्यक्ष मेलाटोनिन लेबलवरच्या आकड्यापेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त इतकं वेगवेगळं निघालं. औषध म्हणून मान्यता असलेलं उत्पादन मिळत असेल तर तेच घ्या आणि उत्पादक वारंवार बदलू नका.

सर्दीचं गुंगी आणणारं औषध अधूनमधून दिलं तर?

देऊ नका. काही मुलं त्याने उलट जास्त चेकाळतात, परिणाम काही दिवसांत ओसरतो, आणि पायांची अस्वस्थता असेल तर ती वाढते.

एडीएचडीच्या औषधाने झोप उडाली, असं वाटतं.

शक्य आहे. पण एडीएचडी असलेल्या अनेक मुलांचं शरीराचं घड्याळ मुळातच उशिराचं असतं. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी दोन आठवड्यांची नोंद असावी, म्हणजे नंतर तुलना करता येते. मिथाइलफेनिडेटची लांब परिणामाची गोळी सकाळी उशिरा घेतली तर तिचा अंमल रात्रीपर्यंत राहू शकतो. काही मुलांत मात्र उलटं होतं: संध्याकाळी औषध उतरताना चंचलपणा उसळतो आणि म्हणून झोप येत नाही. दोन्हींचे उपाय विरुद्ध आहेत, त्यामुळे गोळीची वेळ आणि उसळीची वेळ दोन्ही लिहून न्या. झोपेसाठी क्लोनिडिन (मुळात रक्तदाबाचं औषध) दिलं गेलं असेल तर ते आपल्या मनाने एकदम बंद करू नका. रक्तदाब उसळू शकतो.

किंचाळत उठतं. भीतीदायक स्वप्न, नाइट टेरर की फिट?

नाइट टेरर झोपेच्या पहिल्या तिसऱ्या भागात येतो. मूल किंचाळतं, डोळे उघडे असतात, पण तुम्हाला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. भीतीदायक स्वप्न पहाटेकडे पडतं. मूल पूर्ण जागं असतं आणि तुम्हाला बिलगतं. फिट कधीही येऊ शकते, बहुधा काही सेकंद ते दोन मिनिटांची, एका रात्रीत अनेकदा, आणि प्रत्येक वेळी हुबेहूब तीच हालचाल. हा ‘हुबेहूब’पणा दिसला तर चित्रीकरण घेऊन मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा. फिट पाच मिनिटांहून जास्त चालली तर तातडीची मदत बोलवा.

नाइट टेररमध्ये उठवायला जाऊ नका, फक्त इजा होऊ देऊ नका. तो रोज ठरलेल्या वेळी येत असेल तर त्याच्या पंधरा ते तीस मिनिटं आधी मुलाला हलकंच चाळवा, कूस बदलेल इतपत. असं दोन ते चार आठवडे करा.

काही सिंड्रोममध्ये झोपेचा नमुनाच वेगळा असतो का?

हो. स्मिथ-मॅगेनिस सिंड्रोममध्ये मेलाटोनिन दिवसा जास्त आणि रात्री कमी तयार होतं; मूल दुपारी पेंगतं आणि पहाटेच्या आधी उठून बसतं. अँजेलमनमध्ये झोपेचे तास कमी असतात. रेट सिंड्रोममध्ये मुली रात्री अचानक हसतात किंवा किंचाळतात. प्रेडर-विलीमध्ये दिवसा अतिझोप आणि श्वासाचा प्रश्न दोन्ही असतात, त्यामुळे ग्रोथ हार्मोन सुरू करण्याआधी झोपेची तपासणी होते. उजेडाची जाणीवच नसलेल्या अंध मुलांचं घड्याळ रोज थोडं थोडं सरकत जातं: दोन आठवडे झोप चांगली, दोन आठवडे उलटी, हा त्याचा ठसा.

वजनदार पांघरूण उपयोगी पडतं का?

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऑटिझम असलेल्या मुलांची झोप त्याने मोजण्याइतकी सुधारली नाही, पण मुलांना आणि पालकांना ते आवडलं. मुलाला आवडत असेल आणि स्वतः बाजूला सारता येत असेल तर हरकत नाही. लहान वयात, अशक्त स्नायू, श्वासाचा त्रास किंवा फिट असताना वापरू नका.

रात्री उठून घराबाहेर जायला बघतं. खोलीला बाहेरून कडी लावावी का?

नको. आग लागली किंवा फिट आली तर मूल अडकेल. त्याऐवजी दाराला उघडताच वाजणारा सेन्सर, मुख्य दाराला मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर कडी, खिडक्यांना अटकाव, औषधं आणि गॅस बंदोबस्तात, कपाटं भिंतीला आवळलेली. दोन मोठी माणसं असतील तर रात्र वाटून घ्या: पहाटे दोनपर्यंत एक, नंतर दुसरं. रोज दोघांनी अर्धवट जागण्यापेक्षा एकाची तरी सलग झोप व्हावी.

अंगावर वायर लावून घेत नाही. स्लीप स्टडी कशी होणार?

तयारीने होते. तीन-चार आठवडे आधी घरी सराव सुरू करा: दिवसा, आवडत्या खेळात असताना, कपाळावर चिकटपट्टीचा तुकडा पाच सेकंद. मग एक मिनिट, मग दोन तुकडे, मग बोटाला पट्टी, मग नाकाखाली मऊ नळी. त्या खोलीचे फोटो मागवून दाखवा. घरची उशी आणि पांघरूण सोबत न्या. तंत्रज्ञाला आधीच विचारा की डोक्याच्या वायर मूल झोपल्यावर लावल्या तर चालतील का. सीपॅपचा (झोपेत श्वासमार्ग उघडा राहावा म्हणून दाबाने हवा सोडणारं यंत्र) मास्क लागला तर त्याचीही सवय याच रीतीने, आधी हवा न सोडता, दिवसा लावावी लागते.

सगळं जमलं होतं, आजारपणानंतर पुन्हा बिघडलं. पहिल्यापासून सुरुवात करायची का?

नाही. आजारपण, प्रवास, शाळेतला बदल यानंतर झोप घसरतेच. मूल बरं झाल्यावर दोन टप्पे मागे जा (खुर्ची दाराबाहेर होती तर खोलीच्या मध्यावर आणा, झोपायची वेळ अर्धा तास पुढे घ्या) आणि तिथून पुन्हा चढा. दुसऱ्या वेळी बहुधा कमी रात्री लागतात. दोन आठवड्यांत काहीच हललं नाही तर नोंदवही पुन्हा सुरू करा आणि दात, कान, पोट तपासून घ्या.